इंजिन धडगावला पोचलं, गाडी खालीच राहिली

नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याहून धडगावला जायचं तर सातपुड्यातला चांदसैली घाट चढावा लागतो. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद. उघडा असला तरी वळणं अशी, की समोरच्याचा हॉर्न आधी ऐकू येतो आणि गाडी नंतर दिसते. या घाटात, तसंच अक्कलकुव्याहून मोलगीकडे चढणाऱ्या देवगोई घाटात, माणसांची ने-आण वर्षानुवर्षं काळी-पिवळीने केली. कमांडर, मॅक्स, ट्रॅक्स, क्रूझर. आत दाटीवाटीने बसलेली माणसं, मागच्या शिडीवर लोंबकळणारे दोघं-तिघं, टपावर पोती आणि बाजार.

त्यातल्या जुन्या ट्रॅक्सचं बोनेट उघडलं तर आत जे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन दिसतं, ते जन्माने मर्सिडीजचं आहे. त्याचं मूळ नाव ओएम ६१६. जर्मनीत १९७३ साली ते ‘२४० डी’ या मोटारीत बसलं आणि पुढे डब्ल्यू १२३ या प्रसिद्ध मालिकेत गेलं. क्षमता २.४ लिटर, ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आसपास. शंभराचा वेग गाठायला गाडीला वीस सेकंदांहून जास्त लागत, पण एकदा चालू लागली की ती थांबायचं नाव घेत नसे. ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिदिस नावाच्या टॅक्सीचालकाची १९७६ची २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर धावली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात जाऊन बसली. तिचं इंजिन मात्र एकच नव्हतं. तो इंजिनं आलटून-पालटून बसवायचा. एक गाडीत, दुसरं बांधायला. म्हणजे जगातल्या सर्वांत जास्त धावलेल्या मर्सिडीजच्या विक्रमामागेही इंजिन बदलण्याचीच कला होती.

हे इंजिन सातपुड्यात आणलं ते पुण्याने. मूळचे अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये हॅम्बुर्गच्या विडाल अँड झोन या कंपनीच्या सहकार्याने टेम्पो रिक्षा काढली. त्यानंतर मॅटाडोर आली. तिच्यात आधी हॅनोमागचं डिझेल इंजिन होतं. १९८२ मध्ये फिरोदियांच्या पुण्यातल्या बजाज टेम्पो कंपनीने डाइम्लर-बेंझशी ओएम ६१६ साठी करार केला. दशक संपायच्या आत मॅटाडोर, ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्स या तिन्हींत ते इंजिन आलं. कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स झाली. क्रूझरमध्ये पुढे जे २.६ लिटरचं कॉमन रेल इंजिन आलं, तेही याच घराण्यातलं. ट्रॅक्स जिथे तयार होते ते पीथमपूर तर शहाद्याहून खेतिया आणि सेंधवा पार केल्यावर, नर्मदेपलीकडेच आहे.

बोनेटवरचा तीन टोकांचा तारा सोडला तर मर्सिडीज धडगावला केव्हाच पोचली. पोचली नाही ती मर्सिडीजची मोटार. आणि गंमत अशी, की तीही पुण्याचीच होती.

दारातला घोडा

मर्सिडीज-बेंझ इंडिया ही कंपनी १९९४ मध्ये टेल्कोबरोबरच्या भागीदारीतून स्थापन झाली आणि १९९५ पासून पिंपरीच्या आवारात डब्ल्यू १२४ ही ई-क्लास जोडली जाऊ लागली. पेट्रोलची ई २२० आणि पाच सिलिंडरची डिझेल ई २५० डी. उद्योगपती, बिल्डर, मोठे डॉक्टर आणि साखरपट्ट्यातले पुढारी हे तिचे पहिले धनी. १९९७ पासून तर फिरोदियांची कंपनीच मर्सिडीज-बेंझ इंडियाला इंजिनं जोडून, तपासून देऊ लागली. एकीकडे घाटातल्या काळी-पिवळीसाठी, दुसरीकडे काळ्या काचांच्या मोटारींसाठी, एकाच छत्राखाली काम चाललं.

त्या मोटारी आज सर्वसामान्य नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशात मिळतात. त्यांच्या जोडीला दुसरी एक लाट आली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हापासून तिथल्या धडधाकट ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज ‘एनओसी’ घेऊन देशभर फिरू लागल्या. शहाद्याच्या केळी-पपईच्या बागायतदाराला किंवा नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याला मोबाइलवर रोज अशा गाड्यांचे फोटो येतात. ‘सिंगल ओनर’, ‘डॉक्टरांची गाडी’, ‘एक रुपयाचं काम नाही’. नंबर दिल्लीचा, पण नंदुरबारचा एमएच-३९ करून देण्याची हमी.

तापीकाठच्या सारंगखेड्याला दरवर्षी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की घोडा घेणं हा एकदाचा खर्च आणि त्याची चंदी हा रोजचा. मोटारीच्या बाजारात हेच शहाणपण गळून पडतं. गाडीची किंमत पंधरा वर्षांत एक दशांशावर येते, पण तिच्या ब्रेक डिस्कची, एअर सस्पेन्शनच्या बेलोजची, हेडलाइटची, इंजेक्टरची किंमत खाली येत नाही. उलट वाढते. गाडी स्वस्त झालेली असते, ती पाळणं स्वस्त झालेलं नसतं.

आणि पाळणं म्हणजे फक्त पैसा नव्हे. सर्व्हिस सेंटर सुरतेला किंवा नाशिकला. कुठला सेन्सर बिघडला हे सांगणारा स्कॅनर तिथे, तो वाचता येणारा माणूसही तिथेच. गाडी विसरवाडीजवळ कोंडाईबारीच्या चढाला तापली, तर पुढचा मार्ग टोइंगचा. ट्रॅक्सचा ऑइल फिल्टर तालुक्याच्या गावात मिळतो, नोझल बसवून देणारा डिझेल पंपवाला धुळ्यात-नंदुरबारात आहे आणि हेड उतरवायला कुणाला पुस्तक लागत नाही. ट्रॅक्स आणि मर्सिडीज, दोन्हींच्या इंजिनांचं मूळ घराणं एक असलं तरी एक जिवंत राहतं आणि दुसरं ताडपत्रीखाली जातं ते एवढ्यामुळे. मोटार मरते ती बहुतेकदा इंजिन मेल्याने नाही. तिच्याभोवतीचं दुकानदार, मेस्त्री, लेथवाला, पंपवाला यांचं गोत तुटतं म्हणून मरते.

इंजिन बदलणं म्हणजे मुळात गाडीचं गोत बदलणं.

डॉजपासून काँटेसापर्यंत

महाराष्ट्राला ही कला नवी नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडायला सुरुवात केली. साडेतीन लिटरच्या आसपासची सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनं, ऐसपैस सोफे, बोटीएवढी लांबी. पुढे आयात बंद झाली, सुट्या भागांचा तुटवडा पडला आणि पेट्रोल महागलं. श्रीमंतांनी त्या गाड्या काढून टाकल्या आणि टॅक्सीवाल्यांनी घेतल्या. त्यातल्या अनेकांच्या पोटात पर्किन्सचं डिझेल इंजिन गेलं, कारण ते मद्रासला सिम्प्सन कंपनी बनवत होती आणि त्याचे भाग ट्रॅक्टर-ट्रकच्या दुकानात मिळत. दादरहून पुण्याला निघणाऱ्या त्या अवाढव्य टॅक्सींत बसलेल्यांना बोरघाटात कानठळ्या बसवणारा आवाज आठवत असेल. तो अमेरिकन मोटारीचा नव्हता, शेतीच्या कामाला जुंपता येईल अशा इंजिनाचा होता.

जीपचं तसंच झालं. विलीसच्या पेट्रोल इंजिनावर महिंद्राने सुरुवात केली, पण गावाला डिझेल हवं होतं. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून २.१ लिटरचं डिझेल इंजिन आणलं आणि ते कारखान्यातच जीपमध्ये बसू लागलं. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती त्यांनी तेच, किंवा मॅटाडोरचं, गॅरेजमध्ये बसवून घेतलं. जीपला पेट्रोलची तहान होती तोवर ती साहेबांची आणि सरकारची होती. डिझेल आलं आणि ती कास्तकाराची झाली.

कंपन्यांनी स्वतः केलेल्या अदलाबदलीतून दोन उलटे धडे मिळतात. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये आली ती ब्रिटिश व्हॉक्सहॉलच्या देखण्या सांगाड्यात अ‍ॅम्बॅसिडरचं पन्नासेक अश्वशक्तीचं इंजिन घेऊन. गाडी रस्त्यावर शोभून दिसे आणि चढावर लाज काढी. पुढे इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल आणि नंतर २ लिटर डिझेल इंजिन बसलं, तेव्हा कुठे तिला सूर सापडला. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये रोव्हर एसडी १ ही मोटार ‘स्टँडर्ड २०००’ म्हणून आणली. इंग्लंडमध्ये त्या सांगाड्यात साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन असे. इथे व्हॅनगार्डच्या जमान्यातलं दोन लिटरचं जुनं इंजिन घातलं. किंमत राजाची, चाल बैलगाडीची. तीन वर्षांत गाडीचं उत्पादन बंद पडलं.

या दोन गाड्यांमधून निघणारा निष्कर्ष मेस्त्री लोक एका वाक्यात सांगतात: इंजिन गाडीच्या वजनाला शोभलं पाहिजे. डब्ल्यू १२४ चं वजन चौदाशे किलोच्या आसपास. तिच्यात ट्रॅक्सचं सत्तर-बहात्तर अश्वशक्तीचं इंजिन घातलं तर ती चालेल, टिकेल, अ‍ॅव्हरेजही देईल, पण कोंडाईबारीला ट्रक मागून हॉर्न देईल.

गॅरेजमध्ये काय घडतं

इंजिन उतरवणं ही सोपी बाजू. चेनपुली, दोन माणसं, अर्धा दिवस. खरं काम रिकाम्या जागेत दुसरं बसवताना सुरू होतं.

पहिला अडथळा चेंबरचा. इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर काही गाड्यांत पुढे खोल असतं, काहींत मागे. गाडीच्या पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरवर ते आदळलं तर एक तर चेंबर कापून नव्याने वेल्ड करायचं, नाही तर इंजिन वर उचलायचं. वर उचललं की बोनेट लागत नाही. मग फाउंडेशन: इंजिनाचे माउंट नव्या ठिकाणी बसवायचे. त्यात अर्ध्या इंचाची चूक झाली तर गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या शाफ्टचा कोन बिघडतो आणि ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते. शाफ्टची लांबी बदलली तर लेथवाल्याकडे कापून, जोडून, बॅलन्स करून आणावा लागतो.

नंतर गिअरबॉक्स. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली घंटेच्या आकाराची हाउसिंग जुळत नसेल तर मधे जाड लोखंडी प्लेट बसवतात. क्लच प्लेट एकाची, प्रेशर प्लेट दुसऱ्याची असा संसार सुरू होतो. पेट्रोलच्या जागी डिझेल घालताना एक गोष्ट विसरली तर जिवावर बेतते: पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून ब्रेकच्या बूस्टरला आपोआप व्हॅक्यूम मिळतो, डिझेलमधून मिळत नाही. वेगळा व्हॅक्यूम पंप जोडला नाही तर ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं. त्याखेरीज रेडिएटर, पॉवर स्टीअरिंगचा पंप, एसीच्या कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट, सायलेन्सरची वळणं. प्रत्येक काम दोन तासांचं वाटतं आणि दोन दिवस खातं. इंजिनाला दिलेले पैसे सगळ्यांच्या लक्षात राहतात, या फुटकळ कामांचे राहत नाहीत. एकूण खर्चातला मोठा वाटा मात्र बहुधा त्यांचाच असतो.

इथवर जे सांगितलं ते लोखंडाचं. १९९० च्या दशकातल्या गाडीत लोखंड जुळलं की काम जुळतं. दिल्लीहून आलेल्या २०१२ च्या गाडीत तसं नाही. तिथे इंजिनाचा संगणक गिअरबॉक्सच्या संगणकाशी बोलतो, तो एबीएसशी, एबीएस डॅशबोर्डशी आणि किल्ली या सगळ्यांशी. एकाच जोडतारेवरून हे संभाषण सतत चालू असतं. परकं इंजिन आलं की बाकीचे त्याला ओळखत नाहीत. गिअर पडत नाही, स्टीअरिंगची पॉवर जाते, डॅशबोर्डवर दिव्यांची रोषणाई होते. म्हणून या गाड्यांत जागा घेऊ शकतं ते जवळपास त्याच मॉडेलचं इंजिनच.

त्याची गरज का पडते याचं एक उदाहरण. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि तिची झीज हा जगभर गाजलेला दोष आहे. चेन बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. चेन तुटली तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. ३२० डी आणि ५२० डी भारतात याच इंजिनावर विकल्या गेल्या. चेन बदलण्याचा खर्च आणि अपघातात मोडलेल्या गाडीतलं सुस्थितीतलं इंजिन यांच्या किमती जवळ येतात, तेव्हा मालक कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराकडे बघू लागतो.

आरसी बुकातलं इंजिन

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असं २००० सालच्या दुरुस्तीनंतरचं हे कलम सांगतं. मान्यताप्राप्त किट बसवून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्याची सवलत त्यातच आहे. केरळमधून गेलेल्या जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका ठाम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेलं कलम १८२-अ बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं.

सरळ अर्थ असा. मर्सिडीजमध्ये त्याच जातीचं दुसरं मर्सिडीज इंजिन बसवता येतं, आरटीओची परवानगी घेऊन आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून. त्यासाठी इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं लागतात, कारण नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर मालक पोलिसांच्या वहीत जातो. मर्सिडीजमध्ये ट्रॅक्सचं इंजिन मात्र बसत नाही. घराणं एक असलं तरी कागदावर बनावट वेगळी आहे. पासिंग अडतं आणि अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. १९९५-९६ ची गाडी असेल तर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलंच. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये १०,०००. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा.

डॉजमध्ये पर्किन्स घालण्यामागचं आर्थिक गणितही मागे पडलं आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि पेट्रोलशी असलेली तफावत घटली. फक्त इंधन वाचवायला कुणी आज इंजिन बदलत असेल, तर तो हिशेब चुकतो आहे.

मग शहाद्यातल्या हौशी माणसाने काय करावं? दिल्लीची नवी-जुनी गाडी असेल तर इंजिनाची गोष्ट विसरून आधी सुरतेला किंवा नाशिकला नेऊन स्कॅन करून घ्यावी, मग व्यवहार. पिंपरीची डब्ल्यू १२४ असेल आणि पत्रा कुजलेला नसेल, तर तिचं मूळ इंजिन बांधून घेणं हे बहुतेकदा बदलण्यापेक्षा शहाणपणाचं. ते इंजिन त्या काळचं आहे, बोअर-लाइनर-रिंग यांची भाषा बोलतं, आणि ती भाषा खानदेशातल्या मेस्त्रीला येते. बांधण्यापलीकडे गेलेलं असेल तरच त्याच जातीचं इंजिन शोधावं, कागदासकट. हौस फारच असेल तर बॅटरीचा मार्ग कायद्याने मोकळा आहे. त्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, आणि तशी किट तपासून मान्यता देणाऱ्या संस्थांत १९६६ पासून पुण्यात असलेली एआरएआय आहे.

पण एका जागी कायदा अपुरा वाटतो. त्याची भीती खोटी नाही. व्हॅक्यूम पंपाविना धावणारी डिझेल मोटार, कापलेला क्रॉसमेंबर, घरगुती वेल्डिंगचा शाफ्ट हे रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळ आहेत. जर्मनीनेही हे ओळखलं आहे, पण त्यांनी दार पूर्ण लावलं नाही. तिथे बदललेली प्रत्येक गाडी मालकाने टीयूव्हीसारख्या तपासनीस संस्थेकडे न्यायची. ब्रेक, वजन, धूर, आवाज, जोडणी यांची एकेका गाडीपुरती चाचणी होते आणि उत्तीर्ण झाली तर बदल कागदावर चढतो. खर्च मालकाचा, सही अभियंत्याची. आपल्याकडे निर्मात्याच्या नमुन्याला किंवा किटला मान्यता मिळते. एकट्यादुकट्या मालकाने नीट केलेलं काम तपासून घ्यायला खिडकीच नाही. त्यामुळे चांगला मेस्त्री आणि वाईट मेस्त्री कायद्यापुढे एकसारखेच गुन्हेगार ठरतात, आणि कुणीच तपासत नाही म्हणून वाईट मेस्त्रीचं फावतं.

जिथे शेकडो गाड्या झाल्या तरी कंपनीचं सर्व्हिस सेंटर येणार नाही, अशा नंदुरबारसारख्या जिल्ह्यांना या खिडकीची गरज पुण्या-मुंबईपेक्षा जास्त आहे. इथली वाहनं कायम दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्या गावाहून, दुसऱ्याच्या सोयीसाठी बनून येत राहिली. ती आपल्या रस्त्याला, आपल्या दुकानात मिळणाऱ्या फिल्टरला आणि आपल्या मेस्त्रीच्या हाताला जुळवून घेण्याचं काम इथल्या गॅरेजांनी केलं. त्या कामाला परवाना द्या, त्याची चाचणी घ्या, नापास झालं तर गाडी उचलून न्या. पण परीक्षेला बसू तरी द्या.